मकरंदगड : चढण आणि उतरण

महाबळेश्वरास जाऊन आलेल्या बहुतेक प्रत्येक मनुष्यानें मकरंदगड पाहिलेला असतो. परंतु त्याचें नांव विचारलें तर तें फार थोड्यांस सांगतां येईल. मुंबई पॉइंटाच्या कठड्याशीं उभें राहून पश्चिमेकडे पाहूं लागलें म्हणजे प्रतापगडाच्या डावीकडे, दूरवर, घोड्याच्या खोगिरासारखा मध्यें खोलगट आणि दोहों बाजूंस उंचावलेला एक डोंगर दिसतो. याच आकारावरून युरोपियन लोकांनीं त्यास 'सॅडल बॅक' असें नांव ठेविलें. त्याचें मूळचें नांव याहून कितीतरी गोड आहे. मोठें शिखर तें मकरंदगड, लहान शिखर तें मधुगड, आणि दोहोंस मिळून मधुमकरंदगड म्हणतात. एक नांव मधाचें, तर दुसरें फुलांतील रसाचें! परंतु हें ठाऊक करून घेण्यास कोणास सवड असते? सूर्य डोंगरांमागें उतरूं लागला कीं पाहणारा 'वाहवा' म्हणतो, हातांतील भाजलेलें कणीस संपवितो आणि परत फिरतो.

आमच्या शाळेंतील मुलांनींही हा डोंगर असाच वर्षानुवर्षें दुरून पाहिला होता. नाताळच्या सुटीपूर्वींच्या शनिवारीं आम्ही तिघे शिक्षक आणि नववी-दहावीचीं बावीस मुलें मिळून त्याच्या माथ्यावर जाऊन आलों. प्रवासाची हकीकत रंगवून सांगावी हा या लेखाचा हेतु नाहीं. त्या दिवशीं सायंकाळीं असा एक तास आमच्यावर आला कीं, डोंगर चढणें म्हणजे काय आणि उतरणें म्हणजे काय, याचा विचार आम्हांस नव्यानें करावा लागला. तो विचार पुढील वर्षीं डोंगरांत जाणाऱ्या मुलांच्या उपयोगीं पडावा, म्हणून येथें क्रमानें मांडीत आहोंत.

प्रथम डोंगराची ओळख करून घेऊं. मकरंदगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ४,०५० फूट आहे; म्हणजे शेजारच्या प्रतापगडाहून तो सुमारें ५०० फुटांनीं उंच भरतो. इ. स. १६५६ मध्यें शिवाजी महाराजांनीं जावळीचें खोरें मोऱ्यांपासून घेतलें आणि त्यानंतर लौकरच हे दोन्ही गड उभारले गेले असें मानतात. ता. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या परिसरांत महाराजांची व अफझलखानाची भेट झाली, आणि तेव्हांपासून त्या गडाचें नांव मुलांमुलांच्या तोंडीं झालें. मकरंदगडाच्या वांट्यास अशी कीर्ति आली नाहीं. कोंकणांतून वर येणाऱ्या हातलोट घाटावर आणि कोयनेच्या खोऱ्यावर नजर ठेवण्याचें आपलें काम तो मुकाट्यानें करीत राहिला, आणि इ. स. १८१८ मध्यें मराठी राज्य बुडालें तेव्हां तोही इंग्रजांच्या हातीं गेला. इ. स. २०२५ मध्यें युनेस्कोनें ज्या बारा मराठी दुर्गांस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत प्रतापगड आहे, मकरंदगड नाहीं. थोर मनुष्याच्या शेजारीं राहणाऱ्या गुणी मनुष्याची जी स्थिति होते, तीच या डोंगराची झाली आहे.

ज्या दगडाचा हा डोंगर घडला आहे तो काळा दगड होय. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून तप्त रसाचे लोट एकामागून एक बाहेर पडले, पसरले आणि थिजले. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असे थर सांचून आपलें दख्खनचें पठार बनलें. पुढें पावसानें व नद्यांनीं तें कोरून काढलें. जो थर कठीण होता त्याचा उभा कडा राहिला. जो ठिसूळ होता तो झिजून त्याची उतरती पट्टी झाली व तिजवर माती धरून झाडें वाढलीं. म्हणून सह्याद्रीचा कोणताही डोंगर दुरून पाहिला असतां जिन्यासारखा दिसतो : एक कडा, एक रानाची पट्टी, पुन्हां कडा, पुन्हां पट्टी. मुलांनीं ही गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें जो प्रसंग सांगावयाचा आहे तो या जिन्याच्या पायऱ्यांमुळेंच ओढवला.

सकाळीं सात वाजतां आमची मोटार कोयनेच्या खोऱ्यांत चतुर्बेट गांवाशीं थांबली. तेथून डोंगराच्या खांद्यावरील घोणसपूर या लहानशा गांवापर्यंत जंगलांतून कच्चा रस्ता गेला आहे. एखादी जीप त्यावरून कशीबशी जाते. परंतु आम्हीं चालतच जाण्याचें ठरविलें होतें. रस्ता म्हणजे तांबडी माती, तींतून डोकीं वर काढलेले धोंडे आणि दोहों चाकोऱ्यांतून खोल गेलेल्या चरी. एका मुलानें कुरकुर केली, "हा रस्ता आहे कीं ओढा?" त्याचें बोलणें थट्टेचें असलें तरी शास्त्रीय दृष्ट्या खरें होतें. महाबळेश्वराच्या या प्रदेशांत वर्षास २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाण्यास खालीं जाण्याची घाई असते. गाडीच्या चाकोरीसारखी तयार वाट मिळाली कीं तें तींतूनच धांवतें, बारीक माती वाहून नेतें आणि जड दगड मागें ठेवतें. दरवर्षीं चाकोरी खोल होते, आणि खोल झाली म्हणून पुढील वर्षीं अधिक पाणी तींत येतें. यावर उपाय एकच : रस्त्यावर ठिकठिकाणीं तिरपे आडवे चर खणून पाणी जोर धरण्यापूर्वींच बाजूस काढून देणें. असे चर आम्हांस वाटेंत दिसले, आणि त्यांच्या खालचा रस्ता वरच्यापेक्षां चांगला होता हेंही मुलांनीं स्वतः पाहिलें.

रस्ता डोंगरास नागमोडी वळणें घेत चढतो. सरळ गेलों तर लौकर पोहोंचूं असें वाटून पुढचीं कांहीं मुलें वळणें टाकून मधल्या चढणीनें धांवूं लागलीं. आम्हीं त्यांस परत बोलाविलें. वळण हें बांधणाऱ्याच्या आळसाचें लक्षण नव्हे. ओझें घेऊन जाणाऱ्या मनुष्यास व जनावरास दम न लागतां चढतां यावें म्हणून चढ लांबीवर वांटून दिलेला असतो. शिवाय मधल्या वाटेनें दहा जण गेले कीं गवत मरतें, गवत मेलें कीं माती सुटते, आणि पुढच्या पावसांत तेथें नवी घळ पडते. आपला पाव तास वांचविण्यासाठीं दुसऱ्यांचा रस्ता फोडूं नये. हा रस्ता कोणाचा, हें पुढें घोणसपुरांत आम्हांस कळलें. गांवांत कोणी अत्यवस्थ झालें आणि गाडी वर येऊं शकली नाहीं, तर चार माणसें त्यास झोळींत घालून याच धोंड्यांवरून खालीं नेतात. तें ऐकल्यावर सकाळीं कुरकुर करणारा मुलगा खालीं पाहूं लागला.

वाटेवरचें रान फार दाट व सुंदर आहे. जांभूळ, अंजनी, आंबा अशीं सदा हिरवीं झाडें माथ्यावर एकमेकांत गुंतलेलीं, आणि त्यांखालीं दहा वाजतांही संधिप्रकाश! शिखराकडे जावें तसतशीं हीं झाडें ठेंगणीं होत जातात, कारण तेथें माती थोडी आणि वारा फार. उताराच्या मोकळ्या जागीं कारवीचें दाट गचपण माजलेलें असतें. कारवी सामान्यतः सात-आठ वर्षांनीं एकदांच फुलते. एरव्हीं ती माणसाच्या डोक्यावरून जाणारी नुसती काठ्यांची भिंत असते. एका झाडाच्या शेंड्यावरून शेकरूं या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेत गेलें. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून पुस्तकांत ज्याचें चित्र पाहिलें, तो प्रत्यक्ष पाहतांना मुलांचा आनंद अवर्णनीय होता. रस्त्याच्या कडेस गव्याच्या खुरांचे ठसेही दिसले. गवा मात्र दिसला नाहीं, आणि त्याबद्दल आम्हां शिक्षकांस मुळींच वाईट वाटलें नाहीं.

सुमारें तीन तासांनीं आम्ही घोणसपुरास पोहोंचलों. थोडीं घरें, अंगणांत वाळत घातलेलें धान्य, आणि जवळच झाडींत मल्लिकार्जुनाचें जुनें देऊळ, असें हें गांव आहे. पाणी पिऊन विसांवा घेत असतां एक वृद्ध गृहस्थ आमच्याशीं बोलूं लागले आणि वाट दाखविण्यास आपण होऊन आमच्याबरोबर निघाले. मुलें त्यांस 'बाबा' म्हणूं लागलीं. गांवाबाहेर पडून पायवाटेस लागतांच ते थांबले आणि मुलांकडे वळून म्हणाले, "पोरांनो, चढताना समदी म्होरं बघत्यात. जरा मागं बी बघत चला. उतरताना हीच वाट दुसरी दिसती."

मुलें हंसलीं. खरें सांगावयाचें तर आम्हीही हंसलों. चढतांना मागें पाहून काय करावयाचें? शिखर तर पुढें होतें.

गांवापासून शिखर सुमारें तासाभराच्या चढणीवर आहे. वाट प्रथम रानांतून, मग सोंडेच्या धारेवरून आणि शेवटीं गवताळ उतारावरून वर जाते. मुरमाड जागीं पाय घसरतो. तेथें लहान पावलें टाकावीं आणि सबंध तळवा टेकावा. माथ्यावर मल्लिकार्जुनाचें लहान देवालय आहे. खालच्या अंगास खडकांत खोदलेलें पाण्याचें टांकें आहे. त्यांतील पाणी भर दुपारींही अतिशय थंड होतें. एवढ्या उंचावर पाणी कोठून येतें, असें मुलांनीं विचारलें. त्याचें उत्तर डोंगराच्या थरांतच आहे. पावसाचें पाणी भेगांतून व ठिसूळ थरांतून हळूहळू खालीं झिरपतें. खालीं घट्ट थर लागला कीं तें त्यावरून आडवें सरकतें आणि जेथें वाट मिळेल तेथें बाहेर येतें. जुन्या दुर्ग बांधणारांनीं अशा जागा अचूक हेरून तेथें टांकीं खोदलीं. ज्या गडावर पाणी नाहीं तो गड कितीही उंच असला तरी निरुपयोगी, हें त्यांस चांगलें ठाऊक होतें.

माथ्यावरून जो देखावा दिसला त्याचें वर्णन करण्यास आमची लेखणी असमर्थ आहे. उत्तरेस प्रतापगड जणूं हाताशीं आलेला; त्यामागें मंगळगड, आणि हवा स्वच्छ होती म्हणून दूर रायगडही ओळखतां आला. पश्चिमेस महिपतगड, सुमारगड व रसाळगड अशी तिघांची रांग. दक्षिणेस पर्वत आणि चकदेव. पूर्वेस महाबळेश्वराचें पठार एखाद्या प्रचंड भिंतीसारखें पसरलेलें होतें. ज्या कठड्याशीं उभें राहून आम्हीं हा डोंगर पाहिला होता तो आतां शोधूनही सांपडेना! त्या पठारावर पडणाऱ्या पावसाची मुलांस गंमत वाटली. तेथून निघालेली कोयना आमच्या पायांखालच्या खोऱ्यांतून दक्षिणेस जाते, हेळवाकाजवळ पूर्वेस वळते, कऱ्हाडास कृष्णेला मिळते आणि तिच्याबरोबर बंगालच्या उपसागरास जाते. त्याच पठारावर उगम पावलेली सावित्री पश्चिमेस उतरून अरबी समुद्रास मिळते. एकाच ढगांतील दोन थेंब, पडतांना त्यांत अंतर केवढें? आणि शेवटीं केवढें! हें सांगून आम्हीं भूगोलाचा धडा पुरा केला. परंतु त्या धड्याचा अर्थ आम्हांसच पुरता कळला नव्हता.

मधुगडाची वाट अवघड असल्यामुळें ती आम्हीं सोडली. भोजन करून, जागा स्वच्छ करून, साडेतीन वाजतां उतरूं लागलों. उतरतांना मुलांचे पाय मोकळे सुटतात. चढतांना जे मागें राहिले होते तेही धांवूं लागले. पुढें कोण, मागें कोण, याचा नेम राहिला नाहीं. बाबा सर्वांत मागें, दमलेल्या दोन मुलांबरोबर येत होते. पावणेपांच वाजतां घोणसपूरच्या देवळाशीं आम्हीं मुलें मोजलीं, तीं एकवीस भरलीं. पुन्हां मोजलीं. एकवीसच.

नववींतील एक मुलगा नव्हता. त्यास शेवटीं कोणीं पाहिलें, हें विचारतां प्रत्येकाचें उत्तर निराळें. एक म्हणे तो पुढें होता, दुसरा म्हणे मागें होता. पुढच्यांनीं मानलें तो मागच्यांत असेल. मागच्यांनीं मानलें तो पुढें गेला असेल. आणि आम्हीं शिक्षकांनीं मानलें कीं सर्व ठीक आहे. डिसेंबरचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्या वेळीं आमच्या मनाची जी अवस्था झाली ती लिहिण्याजोगी नाहीं. शंभरांतील एक हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत आम्ही प्रार्थनेच्या वेळीं किती वेळां वाचून दाखविला असेल! त्यांतील मेंढपाळाच्या काळजाचा ठोका कसा चुकला असेल, हें मात्र त्या देवळाच्या पायरीवर आम्हांस प्रथमच कळलें.

बाबा शांत होते. त्यांनीं एवढेंच विचारलें, "मास्तर, गवताचा उतार संपल्यावर समदी होती का?" तेथें आम्ही सारे एकदां पाणी पिण्यास थांबलों होतों, आणि तो मुलगा तेथें होता हें दोघांस नक्की आठवलें. "तर मग त्याच्या खालीच चुकला," ते म्हणाले. "तिथं ढोरवाट फुटती." इतर मुलांस एका शिक्षकाच्या स्वाधीन करून आम्ही दोघे, बाबा आणि गांवांतील दोन तरुण पुन्हां वर निघालों.

येथें हकीकत थांबवून मूळ मुद्द्याकडे वळूं. मनुष्य चढतांना क्वचितच चुकतो आणि उतरतांना वारंवार चुकतो, याचें कारण काय? वाचकांनीं आपला हात बोटें फांकून, तळवा खालीं करून, मेजावर टेकवावा. हातांची पाठ म्हणजे शिखर आणि बोटें म्हणजे डोंगराच्या सोंडा. कोणत्याही बोटाच्या टोंकापासून निघा आणि वर वर जात राहा. शेवटीं तुम्ही हाताच्या पाठीवरच येऊन पोहोंचणार. वाटेंत थोडी चूक झाली तरी चढणच ती सुधारते, कारण चढतांना सर्व सोंडा एकत्र येतात. आतां उलट पाठीवरून खालीं निघा. बोटें जेथें फुटतात तेथें तीं अगदीं जवळजवळ असतात. या बोटावर पाऊल पडलें कीं त्या बोटावर, हें कळतही नाहीं. पण टोंकाशीं पोहोंचल्यावर दोहोंमध्यें केवढें अंतर पडतें! डोंगरावर तें अंतर म्हणजे मधली खोल दरी. वरचें एक चुकीचें पाऊल खालीं एका कोसाची चूक होतें. सकाळीं सांगितलेल्या पावसाच्या थेंबांची गोष्ट हीच होती. फक्त आम्हीं ती माणसांस लावून पाहिली नव्हती.

दुसरें कारण ढोरवाटांचें. गुरें चरावयास जातात, त्यांस गांवास पोहोंचण्याची घाई नसते. त्यांची वाट ठळक दिसते, सोपी असते, आणि एखाद्या चाऱ्याच्या जागीं किंवा कारवींत एकाएकीं संपते. चढतांना ही वाट मागून येऊन मिळते, म्हणून ती डोळ्यांस दिसत नाहीं. उतरतांना ती समोर फुटते आणि खऱ्या वाटेहून खरी वाटते. तिसरें कारण बाबांनीं आधींच सांगितलें होतें. चढतांना आपण झाडाची एक बाजू पाहतों, उतरतांना दुसरी. ज्यानें मागें वळून पाहिलेंच नाहीं त्यास उतरणीची वाट ही सर्वस्वीं नवी वाट असते. म्हणून जेथें वाट फुटते तेथें चढतांना थांबावें, पाठमोरें व्हावें, आणि एखादा धोंडा, एखादें वांकडें झाड मनांत ठेवावें. आम्ही ज्या बोलण्यास हंसलों होतों, तें असें लाख मोलाचें होतें.

त्या मुलाचें काय झालें होतें तें त्यानें मागाहून सांगितलें. ढोरवाट कारवींत संपल्यावर त्यास एक कोरडा ओहोळ लागला. पाणी गांवाकडेच जातें, असें मनाशीं म्हणून तो ओहोळांतून खालीं उतरूं लागला. सपाट मुलुखांत हा विचार कदाचित् चालेल. सह्याद्रींत तो घातक आहे. आपला डोंगर जिन्यासारखा आहे, हें वर सांगितलेंच आहे. पाणी जिन्याच्या पायऱ्यांवरून उडी मारतें. माणसास तसें करतां येत नाहीं. पावसाळ्यांत जेथें धबधबा पडतो, अशा एका कोरड्या कड्याच्या तोंडाशीं तो येऊन ठेपला. खालीं पांच-सहा पुरुष खोल धोंडेच धोंडे. बाजूच्या मुळ्यांस धरून उतरावें असा विचार त्याच्या मनांत आला होता. तें त्यानें केलें नाहीं, याबद्दल आम्ही परमेश्वराचे अखंड ऋणी आहोंत. तो मागें फिरला, ओहोळांतून जितकें वर येववेल तितकें आला, एका उघड्या खडकावर बसला, आणि आपला पांढरा पंचा कारवीच्या काठीस बांधून ती काठी फटींत रोंवली.

सायंकाळच्या पिवळ्या उन्हांत तो पांढरा ठिपका बाबांच्या दृष्टीस पडला. त्या वयांतही त्यांची नजर आमच्याहून तीक्ष्ण होती. आम्हीं शिट्टी वाजविली. खालून हांक आली. पावणेसहा वाजतां मुलगा आमच्या हातीं लागला. त्याच्या हातापायांस खरचटलें होतें, याहून अधिक कांहीं नव्हतें. त्यास रागें भरण्यास आम्हांस तोंड नव्हतें. चूक त्याची एक असेल तर आमच्या चार होत्या. गांवांतील माउलींनीं सर्व मुलांस ऊन चहा आणि भाकरी दिली, आणि गांवकऱ्यांनीं विजेऱ्या घेऊन अर्ध्या रस्त्यापर्यंत सोबत केली. निरोप घेतांना आम्हीं बाबांचे आभार मानूं लागलों, तेव्हां ते म्हणाले, "पुढल्या खेपंला मोजून वर न्या आन् मोजून खाली आना, म्हंजे झालं."

त्या रात्रीं काळोखांत धोंडे चांचपडत उतरतांना आम्हीं जे नियम मनाशीं ठरविले, ते येथें नमूद करतों. पहिला : टोळींत सर्वांत पुढें चालणारा आणि सर्वांत मागें चालणारा हे दोघे निघण्यापूर्वींच नेमलेले असावेत, पहिल्याच्या पुढें व शेवटच्याच्या मागें कोणीं जाऊं नये. दुसरा : वाट जेथें फुटते तेथें पुढच्यानें थांबावें आणि शेवटचा येईपर्यंत हलूं नये. तिसरा : प्रत्येक थांब्यावर मोजणी व्हावी, आणि ती शिक्षकांनींच नव्हे तर मुलांनींही करावी; प्रत्येकानें निदान आपल्या जोडीदाराचा हिशेब ठेवावा. चौथा : शिखर गांठलें असो वा नसो, परत फिरण्याची वेळ आधीं ठरवून ती पाळावी. शिखर उद्यांही तेथेंच असतें, उजेड नसतो.

आणि वाट चुकलीच तर? तर खालीं धांवूं नये, ओहोळांत शिरूं नये, काळोख पडूं लागल्यावर कड्याच्या कडेस हिंडूं नये. उजेड व त्राण असेल तोंवर आल्या वाटेनें ओळखीच्या जागेपर्यंत वर यावें, कारण चढतांना वाटा एकत्र येतात. तेंही न साधल्यास उघड्या जागीं एके ठिकाणीं बसावें आणि खूण दिसेल अशी ठेवावी. शोधणाऱ्यास स्थिर मनुष्य लौकर सांपडतो. धूर करण्याचा मोह मात्र टाळावा; हिवाळ्यानंतर गवत वाळलेलें असतें, आणि कड्यांवर आग्या मोहोळें असतात. त्या माश्या धुरानें खवळल्या तर शोधणारे व हरवलेला दोघेही संकटांत पडतात. प्रत्येकाजवळ शिट्टी, विजेरी, दोन शेर पाणी आणि एखादें पांढरें वस्त्र असावें. पावसाळ्यांत या बाजूस धुकें एवढें दाट असतें कीं दहा हातांवरचें दिसत नाहीं. म्हणून नवख्यांनीं नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने निवडावे, आणि गांवांतील जाणता मनुष्य बरोबर घेतल्यावांचून जाऊं नये. जंगलाचे नियम काय आहेत, हें वनखात्याकडे आधीं विचारून घ्यावें.

शाळेच्या वार्षिक अंकांत यशाच्या हकीकती छापण्याचा प्रघात आहे. परीक्षेचे निकाल, सामन्यांतील ढाली, वक्तृत्वाचीं बक्षिसें हीं सर्व चढणीचीं वर्णनें होत, आणि तीं छापावींच. परंतु उतरण हीही डोंगराचाच भाग आहे. चढतांना सर्वांचें लक्ष्य एक असतें, म्हणून सर्व आपोआप एकत्र येतात. लक्ष्य साधलें, मन मोकळें झालें, कीं पाय फांकतात. आणि नेमक्या त्याच वेळीं एकमेकांस मोजण्याची गरज अधिक असते. शाळा सोडून जाणाऱ्या दहावीच्या मुलांस यापुढें अनेक सोंडा भेटणार आहेत. त्यांनीं अधूनमधून थांबून मागें पाहावें, आणि बरोबरचे सर्व आले ना, हें मोजावें.

फेब्रुवारींत आमचा तोच वर्ग महाबळेश्वरास गेला होता. मुंबई पॉइंटावर पुष्कळ गर्दी होती. कोणी एका लहान मुलीनें आपल्या वडिलांस विचारलें, "बाबा, तो खोगिरासारखा डोंगर कोणता?" वडिलांस सांगतां येईना. तेव्हां आमच्या नववींतील तो मुलगा पुढें झाला व म्हणाला, "त्याचें नांव मकरंदगड. त्या डाव्या अंगास एक काळा पट्टा दिसतो ना, तो कडा आहे. त्याच्यावर एक उघडा खडक आहे." मग तो क्षणभर थांबला आणि हळूच म्हणाला, "तो येथून दिसत नाहीं."